पयलेकाका आणि कुंपणापलीकडचं भेदरं

पयलेकाकांचं खरं नाव गावात फक्त मतदारयादीला ठाऊक होतं. झाडीच्या बोलीत 'पयले' म्हणजे आधी, आणि काका आयुष्यभर सगळीकडे सगळ्यांच्या आधी पोहोचले. लग्नाला जायचं तर मांडव बांधणाऱ्यांच्याही आधी, त्यामुळे बांबू धरून उभं राहायचं काम दरवेळी त्यांच्याच गळ्यात पडे. एकदा तर ते आदल्या दिवशीच लग्नघरी जाऊन बसले. नवरीच्या बापाने हात जोडून विचारलं, "काका, आजच काऊन जी?" काका म्हणाले, "उद्या लय गर्दी राहते." मग त्यांना लसूण सोलायला बसवलं आणि ते आनंदाने बसले.

मी त्यांच्या घरी सहा वर्षं भाड्याने राहिले. कामठ्याच्या अलीकडे, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या काठावर ते गाव आहे आणि तिथल्या शाळेत माझी पहिली नेमणूक होती. मी स्वभावाने नेमकी उलट. जन्माला यायलाही मी दहा दिवस उशीर केला होता, असं माझी आई सांगते. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी काकांना हसत हसत सांगितली आणि पायावर धोंडा पाडून घेतला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्या दाराची कडी वाजू लागली. "मॅडम, उठा जी! नऊ वाजून राहिले!" मी धडपडत उठून घड्याळ बघायची, तर सव्वासहा झालेले असत. "वेळेवर आलेला मानूस उशिराच आला समजा," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. सहा वर्षांत मी ते रोज एकदा तरी ऐकलं असेल.

काकांच्या या घाईचा त्यांना स्वतःला फायदा झालेला मात्र मी फारसा पाहिला नाही. गोंदियाची बस साडेनऊला असे आणि काका आठला फाट्यावर हजर. इतक्या लवकर पोहोचलेला माणूस करणार काय? ते टपरीवर चहा घेत, मग दुसरा घेत, मग कोणाच्या तरी बांधाच्या भांडणात शिरत, आणि तेवढ्यात बस निघून जाई. घरी येऊन सांगत, "पुढच्या बसले मीच पयला होतो." धानाचंही तेच. काकांनी पऱ्हे टाकले, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं, की गावातले लोक निवांत होत. आपल्याला अजून आठ दिवस आहेत, हे त्यांना त्यावरून कळे.

एकाच ठिकाणी काकांचा नंबर लागत नव्हता आणि ते ठिकाण त्यांच्या स्वतःच्या घरामागे होतं.

आमच्या आळीत प्रत्येक घरामागे वाडी होती. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, चवळीचे वेल, कोपऱ्यात पपई. काकांच्या वाडीला लागून चिचगडवालीची वाडी, मध्ये बांबूचं कुंपण. तिकडे सून आली की तिच्या माहेरच्या गावावरून तिला हाक मारतात. ही चिचगडहून आलेली, म्हणून साठी उलटली तरी चिचगडवालीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक लग्न होऊन रायपूरकडे गेली होती. घरात ती आणि एक बकरी. दोघींचाही आवाज मोठा होता.

चिचगडवाली टोमॅटो लावायची. ती त्याला जुन्या सवयीने भेदरं म्हणे. बी कधी विकत आणलं नाही. पिकलेल्या फळाचं बी राखेत घोळून गोवरीवर थापायचं, ती गोवरी चुलीच्या वर टांगून ठेवायची आणि पोळा झाला की वाफ्यात टाकायची. फळ लहान, सुरकुतलेलं आणि असं आंबट, की एक खाल्लं तर कानापर्यंत शिरशिरी जाई. पण ते आळीत सगळ्यांच्या आधी लाल व्हायचं.

आणि आळीची एक रीत होती. ज्याच्या वाडीत पहिलं भेदरं लाल होईल, त्याच्या घरी चटणी. तोवर आपल्या वाडीतलं एकही फळ कोणी तोंडात घालायचं नाही. त्या संध्याकाळी सगळी आळी आपापल्या भाताची ताटं घेऊन त्या अंगणात जमे. भेदरी निखाऱ्यावर भाजायची, पाट्यावर मिरची, लसूण, सांबार घालून वाटायची आणि पळसाच्या द्रोणातून वाढायची. चटणी बोटभर आणि गप्पा ढीगभर. दरवर्षी हे अंगण चिचगडवालीचं असे, आणि दरवर्षी ती पहिला द्रोण काकांच्या हातात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "घ्या भाऊजी. पयले तुमाले." काका खाली मान घालून खात. डोळ्यांत पाणी येई, ते मिरचीमुळे असं ते सांगत.

आषाढातच बी टाकून पाहण्याचा प्रयोग त्यांनी केलेला होता. झडी लागली आणि रोपं वाफ्यातच सडली. मग माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी ते एका सकाळी गोंदियाला गेले आणि लवकर येणाऱ्या संकरित टोमॅटोची पुडी घेऊन आले. दुकान उघडायच्या आधीच पोहोचल्यामुळे शटर वर करायला त्यांनाच मालकाला हात लावावा लागला होता. पुडी माझ्यापुढे धरून म्हणाले, "मॅडम, वाचा."

मी वाचलं. रोप लावल्यापासून पंचावन्न ते साठ दिवसांत पहिला तोडा.

"साठ!" काकांचे डोळे चमकले. "वहिनीचं भेदरं तं पंच्याहत्तर दिस घेते."

"काका, जमीन, थंडी यावर असतं ते. मागेपुढे होतं."

"मागं कायले होईन? मी हावो ना मागं लागाले."

ग्रामसभेत चहाचे कागदी कप वापरले होते, ते मी धुऊन दिले. त्या अर्थाने या प्रकरणात मी पहिल्यापासून सामील होते. बारा कपांत बारा बिया पडल्या. तिसऱ्या दिवशी उगवलं का हे पाहायला काकांनी त्या उकरल्या. पाचव्या दिवशी पुन्हा उकरल्या. काकू ओसरीवरून ओरडल्या, "बियाले झोपू तं द्या जी!" काकू म्हणजे काकांच्या अगदी विरुद्ध प्रकृती, कधी घाई नाही आणि कधी उशीरही नाही. उकराउकरीत चार बिया गेल्या, दोन रोपं कुंपणातून तोंड घालून बकरीने खाल्ली, आणि उरलेली सहा वाडीत लागली.

त्या सहा झाडांची जी सेवा झाली ती कोणा जावयाची झाली नसेल. प्रत्येकाला बांबूचा आधार, बुडाशी शेणखत, थंडी पडली तशी रात्री काकूंच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण. वानरांची टोळी यायची म्हणून काकांनी खाट वाडीत नेली. दिवसभर ते खाटेवर बसून झाडांना म्हणत, "चाला, चाला." कुंपणापलीकडून चिचगडवाली म्हणायची, "भाऊजी, झाडाले बस पकडाची हाये का?"

पन्नासाव्या दिवशी एका फळावर केशरी छटा आली आणि काकांचा धीर सुटला. त्यांनी काय केलं, तर ते फळ गुपचूप तोडून गोठ्यातल्या तणसात, भाताच्या पेंढ्यात दडपलं. आमच्याकडे आंबे असेच पिकवतात. तीन दिवसांनी ते लालभडक होऊन निघालं. मग काकांनी ते फळ काळ्या दोऱ्याने परत झाडाला बांधलं आणि आळीत बोंब ठोकली की या, पाहा, लाल झालं.

सगळी आळी वाडीत आली. चिचगडवाली सर्वांत शेवटी आली. कुंपणाच्या फटीतून नाही, रीतसर दारातून. तिने वाकून फळ पाहिलं, मग डोळे बारीक करून देठ पाहिला.

"भाऊजी, या टमाटराले गाठ काऊन हाये?"

काकांचा चेहरा लालीत त्या टोमॅटोच्या वर गेला.

"तनसात पिकलं तं तो आंबा झाला," तिने निकाल दिला. "झाडावर लाल होईन तं भेदरं."

लोक इतके हसले की वानरं पळाली. पुढे महिनाभर शाळेतली पोरं पडलेला दात दोऱ्याने बांधण्याची भाषा करत होती. काका मात्र खाटेवर बसून राहिले, आणि आठ दिवसांनी दुसरं फळ खरंच झाडावर लाल झालं. दोरा नाही, गाठ नाही. चिचगडवालीने ते बोटांनी फिरवून, ओढून पाहिलं. तिची भेदरी तेव्हा हिरवीच होती.

त्या संध्याकाळी चटणी काकूंच्या अंगणात झाली. काकांनी पहिला द्रोण स्वतः चिचगडवालीच्या हातात ठेवला. "घ्या वहिनी. पयले तुमाले." इतक्या वर्षांचा हिशोब त्या चार शब्दांत होता. तिने चटणी भातात कालवली, घास घेतला, सावकाश चावला.

"कशी हाये?" काकांना राहवेना.

"लाल हाये," ती म्हणाली. "चव अजून येऊन राहिली वाट्टे."

पुन्हा हशा झाला. काकाही हसले, कारण जिंकलेल्या माणसाला हसायला काय लागतं. चिचगडवाली भात संपवून लवकर उठून गेली, ते कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काही कामाने तिच्याकडे गेले. अंगण ताजं सारवलेलं होतं. पाटा घासून भिंतीला टेकवलेला होता. आणि ओसरीवर दगडाखाली पळसाचे द्रोण टाचून ठेवले होते, आळीतल्या प्रत्येक माणसाला एक, असे चांगले चाळीसेक. मी त्यांच्याकडे बघते आहे हे तिने पाहिलं.

"बकरी खाईन," ती म्हणाली आणि आत गेली.

मला फार वाईट वाटलं. पुडी मीच वाचली होती, कप मीच धुतले होते. मी हे काकूंना सांगितलं. काकूंनी रात्री काकांना वाढता वाढता, आवाज न चढवता म्हटलं, "लग्नात तुमी पयले, रोवनीत तुमी पयले. तिच्या अंगनात वर्साचा एक दिस मानसं येत होते जी. तेथीबी तुमीच पयले." काकांचा हात ताटात थांबला.

पुढच्या वर्षी आषाढात ते पुन्हा गोंदियाला गेले आणि तीच पुडी घेऊन आले. मला संतापच आला. इतकं सांगून म्हाताऱ्याच्या डोक्यात काही शिरलं नाही, असं मी मनात म्हटलं आणि यंदा कप दिले नाहीत. त्यांनी ते कुठून तरी मिळवले. सहा झाडं पुन्हा वाढली. कार्तिक संपत आला, साठ दिवस उलटले, तरी झाडांवर सगळी हिरवीच फळं. चिचगडवाली कुंपणातून विचारी, "भाऊजी, पुडीवाल्यानं फसवलं का?" काका म्हणत, "फसवलं वहिनी. आजकाल कोनाचा भरोसा हाये?" त्यातच काकांचं पोट बिघडलं. काकू त्यांना दोन्ही वेळेला ओवा चारत होत्या आणि काय खाल्लं म्हणून विचारत होत्या. काका म्हणत, "काही नाही जी. हवा."

एका सकाळी माझ्या दाराची कडी वाजलीच नाही. मला जाग आली ती आपोआप, आणि घड्याळात खरोखरच सव्वासहा झालेले पाहून मी घाबरले. काका बरे आहेत ना, म्हणून वाडीत गेले. धुकं होतं. टोमॅटोच्या झाडांमागे कोणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. मी जवळ गेले. पयलेकाका एका हातात कागदावर मीठ आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला लालबुंद टोमॅटो घेऊन बसले होते. मिशीवर बिया चिकटल्या होत्या.

"काका!"

"हळू बोला मॅडम. कुंपन बांबूचं हाये."

"हे काय चाललंय?"

"लाल होऊन राहिले ना जी," ते अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले. "रोज दोन-तीन होतेत. वहिनीच्या भेदऱ्याले अजून आठ दिस हायेत. तिले दिसले तं झालं."

"मग टाकून द्या."

"अन्न हाये मॅडम. टाकू कसा?"

"मग लावलेच कशाला? ही पुडी आणलीच नसती तर..."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी शिकवते त्या पोरांची त्यांना काळजी वाटली. "न लावतो तं तिले समजलं असतं, मी मुद्दाम हारून राहिलो. मंग ती चटनी वाटली असती का? लावूनसनी हारलो तं हारलो."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मिठाचा कागद पुढे केला. रीत मोडण्याचं पाप अर्धं अर्धं वाटून घेतलं तर हलकं होतं, असं ते म्हणाले, आणि गावदेवी माताईला आधीच सांगून ठेवलं आहे असंही म्हणाले. पुढचे आठ दिवस मी आयुष्यात कधी नव्हे ती पहाटे उठून टोमॅटो खात होते. चिचगडवालीचं बरोबर होतं. चव खरंच अजून यायची होती.

नवव्या दिवशी पलीकडून आरोळी आली. संध्याकाळी तिचं सारवलेलं अंगण भरलं. तिने पहिला द्रोण काकांच्या हातात ठेवला. "घ्या भाऊजी. पयले तुमाले. आन ते साठ दिसवाले कोठी गेले?"

"त्यायची बस सुटली वहिनी," काका म्हणाले आणि भातावर तुटून पडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या दिवशी ते नक्की मिरचीचंच होतं, कारण माझ्याही वाहत होतं.

पुढच्या वर्षीही आम्ही दोघांनी तेच केलं. मग माझी तिरोड्याकडे, बोदलकशाच्या बाजूला बदली झाली. निघायच्या दिवशी काका माझी पेटी घेऊन दीड तास आधी फाट्यावर जाऊन उभे राहिले. टपरीवाल्याने चहाला बोलावलं तर गेले नाहीत. माझी बस चुकली असती.

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत काकूंचा फोन आला. छातीत दुखतं म्हणून काकांना सकाळी गोंदियाला दाखवायला न्यायचं ठरलं होतं. गाडी आठला येणार होती. काका पाचलाच आंघोळ करून, धोतर-टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवरच्या खाटेवर बसले होते. तसेच बसल्या बसल्या गेले. मी मिळेल त्या बसने निघाले, पण पोहोचले तेव्हा सगळं आटोपून लोक बोडीवरून परतत होते. त्यांच्या बाबतीत तरी मी वेळेवर पोहोचायला हवं होतं. ते मला अजून डाचतं.

नाताळच्या सुट्टीत मी काकूंना भेटायला गेले, तर त्यांचा चेहरा बरा दिसत होता. "बरं झालं आलात, आज आपल्याकडे चटनी हाये," त्या म्हणाल्या. काकांनी आषाढातच आणून ठेवलेली पुडी त्यांनी तेरावं झाल्यावर उघडली होती. बी वीस-बावीस दिवस उशिरा पडलं होतं. सहा झाडं लागली होती आणि त्यांतल्या एकावर पहिलं फळ त्याच दिवशी लाल झालं होतं. "यंदाबी तुमच्या काकाचंच पयले," काकूंनी डोळे पुसले. "वहिनीचं थंडीनं मागं पडलं म्हंते."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. चिचगडवालीचे पंच्याहत्तर केव्हाच उलटले होते. मी वाडीत गेले. कुंपणाच्या फटीतून पलीकडे पाहिलं. चिचगडवालीची झाडं छातीइतकी, हिरवीगार, थंडीने करपलेलं एक पान नाही. हिरवी भेदरी लगडलेली होती. लाल एकही नव्हतं. पण खालच्या घोसांमध्ये नुसते देठ होते, एकाशेजारी एक, नुकतीच फळं तोडलेले.

संध्याकाळी आळी जमली. चिचगडवाली नेहमीसारखी शेवटी आली, भाताचं ताट घेऊन. आता ती वाकून चालते. मी तिला हात देऊन बसवलं. अजून कोणाला काही वाढलं नव्हतं. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला, आणि मला तिच्या हनुवटीवर एक पिवळसर बी चिकटलेलं दिसलं.

मी ओढणीच्या टोकाने ते पुसलं.

"काय होतं, पोरी?"

"काही नाही. राख होती."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ओठ माझ्या कानाशी आणून हळूच म्हणाली, "कुंपन बांबूचं हाये. मले का दोन्ही साल तुमी दोघं दिसत नव्हते?"

तेवढ्यात काकू चटणीचं भांडं घेऊन आल्या आणि द्रोण हातात धरून जरा घुटमळल्या. पहिला कोणाला द्यायचा, हे त्यांना सुचेना.

"कोनाले म्हंजे?" चिचगडवाली सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पयले भाऊजीले."

काकूंनी तो द्रोण ओसरीवरच्या रिकाम्या खाटेवर ठेवला, आणि मग आम्ही सगळे जेवायला बसलो.